टास्कबारवरचा स्वतःचा मेनू परत मिळायला हवा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि बडोद्यातील घरांमध्ये, दुकानांमध्ये व आमच्या वाचनालयासारख्या लहान मराठी संस्थांच्या कार्यालयांमध्ये जुने संगणक बदलण्याच्या किंवा त्यांवर विंडोज ११ टाकण्याच्या कामाला वेग आला. या बदलाविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यात सुरक्षा, नव्या यंत्राची किंमत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी हेच विषय असतात. विंडोज १० बरोबर एक अत्यंत उपयोगी सोयही हातची जात आहे, तिचा मात्र कुठेच उल्लेख होत नाही. स्क्रीनच्या तळाशी असणाऱ्या टास्कबारवर आपल्या रोजच्या कामाच्या वस्तूंचा, आपणच दिलेल्या नावांचा, स्वतःचा मेनू बसवण्याची ही सोय. ज्यांच्याकडे ती अजून आहे त्यांनी ती वापरावी, ज्यांची गेली आहे त्यांनी तिची जागा जमेल तितकी भरून काढावी, आणि ती पुन्हा मिळावी म्हणून आपण वापरणाऱ्यांनी मागणी करावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ही सोय वापरायला संगणकाचे विशेष ज्ञान लागत नाही. डॉक्युमेंट्समध्ये किंवा अन्य एखाद्या कायमच्या जागी एक नवे फोल्डर करावे आणि त्याला, समजा, ‘वाचनालय’ असे नाव द्यावे. रोज लागणाऱ्या फायली आणि प्रोग्राम यांचे शॉर्टकट त्यात ठेवावेत. शॉर्टकट करण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे ऑल्ट ही कळ दाबून धरून मूळ फाइल माउसने त्या फोल्डरमध्ये ओढत नेणे; मूळ फाइल जागची हलत नाही, तिच्याकडे नेणारा शॉर्टकट तेवढा तयार होतो. मग टास्कबारच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक करून ‘टूलबार्स’ आणि त्यातले ‘न्यू टूलबार’ निवडावे व हे फोल्डर दाखवून द्यावे. टास्कबारच्या उजव्या भागात ‘वाचनालय’ हे नाव दिसू लागते. टास्कबार लॉक केलेला असेल तर ‘लॉक द टास्कबार’ पुढची खूण काढावी, नव्या टूलबारच्या डाव्या कडेला दिसणाऱ्या उभ्या रेघा माउसने धरून तो नावापुरता आखूड करावा आणि पुन्हा लॉक करावा. आता नावाशेजारी दोन लहान बाणांची खूण राहते. तिच्यावर क्लिक केले की फोल्डरमधील सर्व गोष्टींची यादी वरच्या बाजूला उघडते, आणि फोल्डरच्या आत आणखी फोल्डर केलेले असतील तर त्यांच्या नावावर माउस नेताच त्यांची यादी शेजारी उघडते.

म्हणजे मेनू तयार करणे हे फोल्डर तयार करण्यापेक्षा निराळे काम राहत नाही. फोल्डरमध्ये एखादी वस्तू टाकली की ती मेनूत येते, काढली की जाते, तिचे नाव बदलले की मेनूतले नाव बदलते. या साधेपणातच या योजनेचे सारे मोल आहे असे मला वाटते. मात्र तो साधेपणा समजून घेऊन काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. मेनूतल्या नावावर राइट क्लिक करून ‘डिलीट’ केले तर त्या फोल्डरमधील खरी वस्तू जाते. म्हणून मेनूच्या फोल्डरमध्ये मूळ कागदपत्रे ठेवू नयेत, शॉर्टकटच ठेवावेत. उपयादी हवी असेल तर आत खरे फोल्डर करावे लागते, कारण फोल्डरच्या शॉर्टकटवर क्लिक केल्यास यादी न उघडता त्या फोल्डरची खिडकी उघडते. यादीतला क्रम आपल्या मनासारखा हवा असेल तर नावाच्या आरंभी १, २, ३ असे आकडे घालणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. आणि संपूर्ण ‘डी’ ड्राइव्हच टूलबार म्हणून बसवण्याचा मोह टाळावा. यादी इतकी लांबते की तिच्यात शोधण्याचेच काम पुन्हा अंगावर पडते.

ही सोय काल-परवाची नाही. टास्कबार आणि स्टार्ट बटण ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ बरोबर आले. १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ४ ची जी डेस्कटॉप सुधारणा निघाली तिच्यातून ‘क्विक लाँच’ ही एका क्लिकने प्रोग्राम उघडणाऱ्या लहान चिन्हांची पट्टी आणि हवे ते फोल्डर टूलबार म्हणून बसवण्याची मुभा आली, आणि विंडोज ९८ मध्ये ती प्रणालीचाच भाग झाली. २००९ च्या विंडोज ७ मध्ये प्रोग्रामचे आयकॉन टास्कबारवर पिन करण्याची, म्हणजे कायम बसवून ठेवण्याची, पद्धत आल्यावर क्विक लाँच मागे पडले, पण ‘न्यू टूलबार’ राहिले, आणि विंडोज १० पर्यंत ते टिकले. इतकी वर्षे ही सोय डोळ्यांसमोर असूनही ती आमच्याकडे फार थोड्या लोकांना माहीत होती, याचे कारण ती कुणी शिकवली नाही. संगणकाच्या वर्गांत टंकलेखन, तक्ते आणि ईमेल शिकवतात. आपले टेबल आपल्या कामाप्रमाणे कसे लावावे हे शिकवत नाहीत.

डेस्कटॉपवर आयकॉन असताना या मेनूची गरज काय, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. डेस्कटॉप हा उघड्या खिडक्यांच्या मागे झाकला जातो. विंडोज आणि डी या कळा एकत्र दाबून तो दिसतो हे खरे, पण पत्र लिहिता लिहिता सभासदांची यादी हवी असलेल्या माणसाला सगळ्या खिडक्या नाहीशा झालेल्या पाहून धास्ती वाटते, आणि आपले लिहिलेले गेले की काय अशी शंका येते. टास्कबार मात्र सहसा नेहमी समोर असतो. शिवाय डेस्कटॉपवर आयकॉनांची गर्दी वाढत गेली की त्यांना क्रम राहत नाही, आणि स्क्रीनचे रेझोल्यूशन बदलले की त्यांच्या जागाही बदलू शकतात.

बडोद्यासारख्या गावात या मेनूला आणखी एक अर्थ येतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आमच्या संस्थांचे काम तीन भाषांत चालते. सभेचे इतिवृत्त, निमंत्रणे आणि पुस्तकांची सूची मराठीत असते. महानगरपालिकेशी पत्रव्यवहार आणि शेजारच्या सोसायट्यांना द्यायच्या सूचना गुजरातीत असतात. लेखापरीक्षकाला द्यायचा हिशेब आणि बँकेचे कागद बहुधा इंग्रजीत. फायलींची नावे त्या त्या वेळी ज्याने काम केले त्याच्या सवयीप्रमाणे पडलेली असतात, आणि त्यातली बरीचशी इंग्रजी अक्षरांत, अर्धवट संक्षेपांत असतात. दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या एखाद्या जुन्या मंडळाच्या कार्यालयात सायंकाळी आळीपाळीने येणारे कार्यकर्ते बहुतेक निवृत्त असतात. त्यांना काम ठाऊक असते, फाइल कुठे आहे हे ठाऊक नसते. शॉर्टकटचे नाव मूळ फाइलच्या नावाहून वेगळे ठेवता येते, ही गोष्ट येथे कामास येते. मूळ फाइलला हात न लावता, तिच्या शॉर्टकटला ‘वर्गणीची पावती’, ‘पुस्तक देवघेव’, ‘कार्यकारिणीचे इतिवृत्त’, ‘गणेशोत्सव जमाखर्च’ अशी नावे देवनागरीत देता येतात. आमच्या कार्यालयात काम करणाऱ्या एका गुजराती भाषक भगिनींसाठी त्याच फायलींचा दुसरा मेनू गुजराती लिपीत केला आहे. दोन्ही मेनू शेजारी शेजारी आहेत, फायली एकच आहेत, आणि दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांना हाक मारून विचारावे लागत नाही.

नावे मराठीत लिहिण्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज नाही. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या मांडणीचा) कळफलक पूर्वीपासून आहे, आणि २०१९ च्या मे महिन्यातील सुधारणेपासून विंडोज १० मध्ये उच्चारानुसार टंकता येणारा मराठी फोनेटिक कळफलकही आला आहे. सेटिंग्जमधून मराठी भाषा जोडली की विंडोज आणि स्पेस या कळांनी भाषा बदलता येते. ज्यांचे जुने लेखन युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची सार्वत्रिक संकेतपद्धती, येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की त्या फॉन्टातली अक्षरे फायलींच्या नावात आणि मेनूत चालत नाहीत. नावे युनिकोडमध्येच टंकावी लागतात.

याच गावात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, आणि त्या व्यवस्थेत पेट्यांत निवडक पुस्तके भरून ती गावोगावी पाठवणारी फिरती वाचनालये होती. मध्यवर्ती संग्रह वर्गीकरणाप्रमाणे लावलेला, आणि त्या त्या गावच्या वाचकाला उपयोगी पडेल अशी निवड पेटीत. टास्कबारवरच्या मेनूचे तत्त्व हेच आहे. फरक इतकाच की येथे मूळ वस्तू आपल्या जागेवरून हलत नाही. वाचनालयाचे सर्व कागद वर्षवार आणि विषयवार फोल्डरांत नीट लावलेले असावेत, त्यात कुणी ढवळाढवळ करू नये, आणि तरीही देवघेवीच्या खिडकीवर बसणाऱ्याला त्याच्या हाताशी लागतील तेवढ्या पाच-सात गोष्टी मिळाव्यात. ही दोन कामे एकाच रचनेकडून करून घेऊ पाहिले की दोन्ही बिघडतात, असा माझा अनुभव आहे.

आता एक उपयोग सांगतो, ज्यासाठी प्रत्येक ज्येष्ठ नागरिकाच्या संगणकावर असा मेनू असावा असे मी आग्रहाने म्हणेन. मेनूत फायलींप्रमाणेच संकेतस्थळांचे शॉर्टकटही ठेवता येतात. ब्राउझरमध्ये संकेतस्थळ उघडून, पत्त्याच्या डावीकडे असलेले लहान चिन्ह माउसने धरून मेनूच्या फोल्डरमध्ये ओढून सोडले की शॉर्टकट तयार होतो. मग त्याला ‘माझी बँक’, ‘वीजबिल’, ‘रेल्वे आरक्षण’, ‘निवृत्तिवेतन’ अशी नावे द्यावीत. पुष्कळ लोक बँकेच्या पानावर जाण्यासाठी दर वेळी सर्च इंजिनमध्ये बँकेचे नाव टाकतात आणि वर दिसेल त्या दुव्यावर क्लिक करतात. फसवणूक करणारे लोक हुबेहूब दिसणारी पाने आणि खोटे मदत क्रमांक नेमके तेथेच पेरून ठेवतात. घरातल्या जाणत्या माणसाने एकदा पासबुकावरचा किंवा बँकेच्या छापील पत्रावरचा पत्ता अक्षर अन् अक्षर तपासून शॉर्टकट करून दिला, तर आजी-आजोबांना पुन्हा शोधायला जावे लागत नाही. अर्थात पासवर्ड लिहिलेली फाइल या मेनूत, किंवा संगणकावर कुठेही उघडी, ठेवू नये. मंडळाच्या सामायिक संगणकावर तर कुणाच्याही खाजगी बँकेचा शॉर्टकटही नसावा.

विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आले तेव्हा त्याचा टास्कबार नव्याने लिहिलेला होता, आणि त्यातून ‘टूलबार्स’ ही निवडच काढून टाकलेली होती. टास्कबारवर राइट क्लिक केले तर टास्कबारच्या सेटिंग्जकडे जाता येते, पण ‘न्यू टूलबार’ कुठे सापडत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे आपला मेनू घडवला त्यांचे फोल्डर संगणक सुधारल्यावरही शाबूत असते, परंतु ते टास्कबारवर बसवण्याची जागा नसते. आमच्या ओळखीच्या एका ज्येष्ठ चिटणीसांचा संगणक असाच बदलला गेला. संगणक देणाऱ्याने ‘सगळे फोटो आणि फायली आणल्या आहेत’ असे प्रामाणिकपणे सांगितले आणि ते खरेही होते. पण चिटणीसांच्या लेखी त्यांचे कार्यालयच हरवले होते, कारण ज्या नावांनी ते कामाला ओळखत होते ती नावे समोर राहिली नव्हती. त्यानंतर ते कित्येक दिवस साध्या पावतीसाठीही दुसऱ्याची वाट पाहत बसत. ज्याला संगणकाची भीती नव्हती अशा माणसाला ती नव्याने वाटू लागावी, हे मला फार खटकले.

पर्याय आहेत, पण ते तुटक आहेत हे आधीच सांगतो. मला त्यातल्या त्यात बरा वाटणारा मार्ग असा. मेनूचे फोल्डर पूर्वीप्रमाणेच करावे. डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट करून, त्या शॉर्टकटच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘टार्गेट’ या चौकटीतील पत्त्याच्या आधी इंग्रजीत एक्सप्लोरर (explorer) हा शब्द आणि एक मोकळी जागा घालावी. मग ‘चेंज आयकॉन’ मधून त्याला सहज ओळखू येईल असे चित्र द्यावे आणि राइट क्लिक करून तो टास्कबारवर पिन करावा. आता त्या चित्रावर क्लिक केले की आपल्या नावांचे शॉर्टकट असलेली खिडकी उघडते. ही यादी खिडकीच्या रूपात येते, उपयादी बाजूला उघडत नाही, आणि काम झाल्यावर खिडकी बंद करावी लागते. पण नावे आपली राहतात आणि जागा कायम राहते, हे दोन मुख्य फायदे हातचे जात नाहीत.

दुसरा मार्ग जंप लिस्टचा. टास्कबारवर पिन केलेल्या प्रोग्रामच्या चित्रावर राइट क्लिक केले की त्याच्या अलीकडच्या फायलींची यादी येते, आणि त्यातली हवी ती फाइल टाचणीच्या खुणेने कायम ठेवता येते. फाइल एक्सप्लोररच्या यादीत याच रीतीने फोल्डरही कायम ठेवता येतात. एकाच प्रोग्रामच्या दोन-चार फायली लागत असतील त्यांना हे पुरते, मात्र येथे नाव मूळ फाइलचेच दिसते, त्यामुळे आमच्यासारख्यांचा मुख्य हेतू साधत नाही. स्टार्ट मेनूत एक आयकॉन दुसऱ्यावर ओढून गट करता येतो आणि त्या गटाला मराठी नावही देता येते, हे ज्यांना स्टार्ट उघडण्याची सवय आहे त्यांनी करून पाहावे. कळांनी काम करणाऱ्यांसाठी शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शॉर्टकट की’ अशी चौकट असते. तीत एखादे अक्षर दाबले की कंट्रोल, ऑल्ट आणि ते अक्षर अशी जोडी ठरते. हा शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूच्या फोल्डरमध्ये असेल तरच ती जोडी चालते, ही अट पुष्कळांना माहीत नसल्याने ‘आमच्याकडे चालत नाही’ अशी तक्रार ऐकू येते.

जुना टास्कबार परत आणून देणारी बाहेरची सॉफ्टवेअरही मिळतात. ती वापरू नका असे मी म्हणणार नाही, पण ती विंडोजच्या आतल्या रचनेत हात घालतात, आणि विंडोजची मोठी सुधारणा आली की बंद पडू शकतात. ज्या घरात किंवा संस्थेत ती दुरुस्त करणारा माणूस हाताशी नाही तेथे ती नकोत. आणि घ्यायचीच तर निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावीत.

ज्यांचा जुना संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, म्हणजे ज्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था किंवा चालणारा प्रोसेसर नाही, त्यांच्यापुढे यंत्र भंगारात काढण्याखेरीज मार्ग नाही असे समजू नये. लिनक्स या मोफत संगणक प्रणालीच्या हलक्या आवृत्त्या अशा यंत्रांवर चांगल्या चालतात, आणि आपल्या विषयापुरते सांगायचे तर तेथे ही सोय आजही जिवंत आहे. एक्सएफसीई या लिनक्सवरच्या स्क्रीन-मांडणीत पॅनेलवर, म्हणजे तेथल्या टास्कबारवर, राइट क्लिक करून नवी वस्तू जोडताना ‘डिरेक्टरी मेनू’ निवडला आणि फोल्डर दाखवून दिले की त्या फोल्डरचा मेनू, उपयाद्यांसह, पॅनेलवर येतो. तेथल्याच ‘लाँचर’ मध्ये अनेक प्रोग्राम एकत्र घातले की शेजारी लहान बाण येऊन त्यांची यादी उघडते. केडीई प्लाझ्मा या अशाच दुसऱ्या मांडणीत ‘फोल्डर व्ह्यू’ ही वस्तू पॅनेलवर ठेवून हेच काम होते. ज्या संस्थेचे काम लिहिणे, हिशेबाचे तक्ते आणि ब्राउझर एवढ्यावर भागते तिने हा विचार जरूर करावा. हिशेबाचे किंवा छपाईचे एखादे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालणारे असेल तर मात्र आधी नीट चौकशी करावी.

जे गेले ते गेले असे मानून गप्प बसण्याचे कारण नाही, हे मी अनुमानाने म्हणत नाही. अॅपलच्या मॅक संगणकावर डॉकमध्ये, म्हणजे तेथल्या टास्कबारसारख्या पट्टीत, ठेवलेल्या फोल्डरचा उपयाद्यांसह मेनू उघडत असे. ऑक्टोबर २००७ मध्ये आलेल्या लेपर्ड या आवृत्तीने तो काढून त्या जागी चित्रांची रास आणली. वापरणाऱ्यांनी नाराजी कळवली, आणि फेब्रुवारी २००८ च्या सुधारणेत तो मेनू ‘लिस्ट’ या नावाने परत आला; आजही मॅकवर डॉकच्या उजव्या भागात फोल्डर ओढून ठेवले आणि त्यावर राइट क्लिक करून ‘लिस्ट’ निवडले की तो मिळतो. विंडोज ११ च्या बाबतीतही असे घडले आहे. फाइल ओढून टास्कबारवरच्या चित्रावर नेण्याची सोय २०२१ मध्ये काढली गेली होती, ती २०२२ च्या सुधारणेत परत आली. उघड्या खिडक्यांची नावे टास्कबारवर वेगवेगळी दिसण्याची निवडही नाहीशी झाली होती, ती २०२३ मध्ये परत आली. लोकांनी मागितल्या म्हणून या गोष्टी आल्या. फोल्डरच्या टूलबारची मागणी आपल्याकडून पुरेशी गेलेली नाही, कारण ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज आहे ते लोक मागणी नोंदवण्याच्या जागेपर्यंत पोहोचतच नाहीत.

ती जागा प्रत्येक विंडोज संगणकावरच आहे. विंडोज आणि एफ या कळा एकत्र दाबल्या की ‘फीडबॅक हब’ उघडते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करून ‘सजेस्ट अ फीचर’ निवडावे, आधी टास्कबार आणि टूलबार हे शब्द घालून तशी सूचना आधीच कुणी केली आहे का हे पाहावे, असेल तर तिला आपला पाठिंबा द्यावा आणि खाली आपल्या कामाचे उदाहरण लिहावे. ‘जुने परत आणा’ एवढेच लिहिण्यापेक्षा तीन भाषांत काम करणाऱ्या संस्थेला आपल्या लिपीतील नावांचा मेनू का लागतो, ज्येष्ठांना बँकेचे तपासलेले दुवे एका जागी का हवेत, हे लिहिले तर त्याला वजन येते, कारण ही कारणे दूर देशी बसून टास्कबार लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नसतात. ज्यांना स्वतःला हे करणे अवघड आहे त्यांच्यासाठी घरातल्या तरुणांनी करावे.

गावातील संगणक दुरुस्त करणाऱ्या आणि विकणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की फॉरमॅट मारण्यापूर्वी किंवा नवे यंत्र देण्यापूर्वी टास्कबारकडे एकदा पाहावे. तेथे एखादे टूलबार असेल तर ते कोणत्या फोल्डरवरून केले आहे हे पाहून ते फोल्डर इतर फायलींबरोबर उतरवून घ्यावे. शॉर्टकटमध्ये मूळ फाइलचा पूर्ण पत्ता असतो; म्हणून नव्या यंत्रावर कागदपत्रे शक्यतो त्याच अक्षराच्या ड्राइव्हवर आणि त्याच नावाच्या फोल्डरांत ठेवावीत, नाहीतर मेनूतली नावे दिसतील पण उघडणार नाहीत. विंडोज ११ टाकले असेल तर वर सांगितल्याप्रमाणे ते फोल्डर टास्कबारवर पिन करून द्यावे आणि गिऱ्हाइकासमोर एकदा उघडून दाखवावे. याला काही मिनिटे लागतात, आणि गिऱ्हाइकाचा त्यानंतरचा पुष्कळ त्रास वाचतो.

आपल्या वृत्तपत्राच्या तंत्रज्ञानविषयक पानावर नव्या फोनची आणि नव्या ॲपची माहिती नियमाने येते, आणि ती वाचली जाते हे मी जाणतो. त्याच पानावर अधूनमधून अशा लहान, रोजच्या उपयोगाच्या व्यवस्थांनाही जागा द्यावी, कृती क्रमाने आणि चित्रांसह छापावी, आणि मेनूची नावे मराठीत लिहिलेली दाखवावीत, अशी आपणांस विनंती करतो. महाराष्ट्राबाहेरच्या आमच्या मंडळांत वृत्तपत्रातले असे कात्रण सूचनाफलकावर लावले जाते आणि संगणकाशेजारच्या भिंतीवर चिकटवले जाते. आमच्या वाचनालयात तरी त्यासाठी जागा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एका मराठी वाचनालयाचा कार्यकर्ता
दांडिया बाजार, बडोदे